शाराकूच्या नटचित्रांतील ‘सत्य’

तोशूसाई शाराकूविषयीची बहुतेक चर्चा एका वाक्यापाशी येऊन थांबते. ओता नान्पो याच्या टिपणांतून वाढत गेलेल्या ‘उकियो-ए रुइको’ या हस्तलिखित संग्रहात या चित्रकाराविषयी एक अभिप्राय नोंदविलेला आहे. काबुकी नटांची चित्रे काढताना सत्य रेखाटण्याच्या हव्यासापायी त्याने नको ते रूप रेखाटले आणि त्यामुळे एक-दोन वर्षांतच त्याचे काम थांबले, असा त्याचा आशय. यावरून शाराकू हा वास्तववादी होता व नटांना आपले खरे चेहरे पाहवले नाहीत, असा निष्कर्ष काढण्याची प्रथा पडली आहे. १९१० मध्ये युलियुस कुर्ट याच्या जर्मन ग्रंथाने शाराकूला युरोपात कीर्ती मिळवून दिल्यानंतर तर तो जवळजवळ सिद्धान्तच होऊन बसला. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

मुळातील ‘शिन’ या शब्दाचे भाषांतर ‘वास्तव’ असे केले की घोटाळ्यास आरंभ होतो. हाच शब्द जपानी सुलेखनात ओघवत्या वळणांच्या विरुद्ध असलेल्या नियमबद्ध, पूर्णांगी लेखनशैलीचेही नाव आहे. म्हणजे बाह्य साम्य एवढाच त्याचा अर्थ नव्हे. शिवाय सत्य काढावयास गेलेल्या माणसाने ‘नको ते’ काढले, हा विरोध केवळ हुबेहूबपणाच्या कल्पनेने उलगडत नाही.

चित्रांकडेच वळावे. १७९४ च्या पाचव्या महिन्यात कावाराझाकी रंगभूमीवर झालेल्या नाटकातील एदोबेईच्या भूमिकेत तिसरा ओतानी ओनिजी हा नट शाराकूने दाखविला आहे. पुढे काढलेला जबडा, आवळलेले ओठ, गडद अभ्रकी पार्श्वभूमी. आणि वस्त्रातून बाहेर आलेले, बोटे फाकलेले दोन हात. हे हात चेहऱ्याच्या मानाने फार लहान आहेत, आणि ते कोणत्या बाहूंना जोडलेले आहेत हे सांगणे कठीण आहे. साम्याचा उपासक असे हात काढणार नाही. परंतु एदोबेई इप्पेईजवळचे पैसे लुबाडावयास निघाला आहे, हे ते हात चोख सांगतात. इचिकावा ओमेझोने रंगविलेल्या इप्पेईचे चित्र शेजारी ठेवले की प्रसंग पुरा होतो. काबुकीत उत्कट क्षणी नट एका मुद्रेत निश्चल होतो, तिला ‘मिए’ म्हणतात. निसर्गाला रंगभूमीने आधीच एकदा घडविलेले असते. शाराकूचे सत्य हे त्या घडविलेल्या रूपाचे आहे.

तथापि एवढ्याने नान्पोचा आक्षेप समजत नाही. तो समजण्यास स्त्रीभूमिकांची चित्रे पाहावयास हवीत. १६२९ पासून स्त्रियांना काबुकीत मज्जाव झाल्यामुळे स्त्रीपात्रे पुरुषच करीत. दुसरा सेगावा तोमिसाबुरो यादोरिगीच्या वेषात दिसतो तेव्हा केशरचना, वस्त्र, मान कलविण्याची रीत सारे स्त्रीचे आहे. नाक आणि हनुवटी मात्र निःशंकपणे पुरुषाची. बालगंधर्वांच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या मराठी वाचकास येथला पेच चटकन कळेल. प्रेक्षकाने पुरुष पाहावयाचा नाही, असा त्या रंगभूमीचा अलिखित करार असतो. शाराकू भूमिका पुसत नाही व नटही लपवीत नाही. करारानुसार जे दिसावयास नको तेच त्याने दाखविले. नान्पोच्या तक्रारीचा हा अर्थ मला अधिक सुसंगत वाटतो.

साम्यचित्रणाचा शोध शाराकूचा नव्हेच. तोरी परंपरेत नट प्रामुख्याने वस्त्रावरील कुलचिन्हावरून ओळखू येई. १७७० च्या ‘एहोन बुताई ओगी’मध्ये शुन्शो व बुन्चो यांनी चेहरा ओळखता येईल असा काढला. शाराकूच्याच वर्षी तोयोकुनीने नटांच्या पूर्णाकृतींची मालिका सुरू केली. तिच्यातही नट ओळखू येतात, पण करार मोडत नाही; ती मालिका पुढे १७९६ पर्यंत चालली.

शाराकू हा आवाच्या सरदाराच्या पदरी असलेला नो नट साइतो जुरोबेई होता, ही माहिती एकोणिसाव्या शतकातली. तिच्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे; चित्र वाचावयास तिचा उपयोग थोडा. त्याहून प्रकाशक त्सुताया जुझाबुरोचे धाडस विचारात घेण्याजोगे आहे. १७९१ मध्ये शासनाने निम्मी मालमत्ता जप्त केलेल्या या गृहस्थाने तीन वर्षांत एका अनोळखी नावाची अठ्ठावीस अभ्रकी चित्रे एकदम बाजारात आणली.

त्या पहिल्या अठ्ठावीस चित्रांवर नटाचे नाव नाही, भूमिकेचेही नाही. इचिकावा एबिझोच्या चित्रात वस्त्रावरील तीन चौकोनी मापांचे चिन्ह आणि चेहरा, एवढाच ओळखीचा आधार. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या लहान आकाराच्या, पिवळ्या पार्श्वभूमीच्या चेहऱ्यांवर मात्र नटाचे घराणेनाम व कविनाम छापलेले आढळते. तेथील रेषा सैल आहे, हात बोलत नाहीत, आणि चेहऱ्याने सांगावयाचे ते अक्षरांकडे सोपविले आहे. १७९५ च्या आरंभी ही चित्रेही थांबली.