वाट पाहणारी वाडी

वाट पाहणें हें मनुष्याच्या नित्य व्यवहारांतील एक मोठें प्रकरण आहे. पण त्याचा विचार करावा असें फारसें कोणास वाटत नाहीं. गाडीची वाट, पत्राच्या उत्तराची वाट, कचेरींतील कारकुनाच्या मर्जीची वाट, दवाखान्यांत आपला क्रमांक पुकारला जाण्याची वाट, अशा वाट पाहण्यांत आयुष्याचा केवढा तरी भाग खर्ची पडतो. यांतील एकही प्रसंग महाकाव्यास विषय होण्याजोगा नाहीं. तथापि माणसाचा स्वभाव कसाला लागतो तो बहुधा अशाच ठिकाणीं. मोठ्या संकटांत धीर न सोडणारा गृहस्थ गाडीसाठीं अर्धा तास ताटकळला म्हणजे शेजाऱ्यावर खेंकसूं लागतो, हा अनुभव कोणास नवा नाहीं. किंबहुना तो खेंकसणारा गृहस्थ पुष्कळदां आम्हीच असतों.

गेल्या उन्हाळ्यांत साताऱ्याहून माणदेशाकडे जातांना एका फाट्यावर असेच ताटकळलों असतां आमच्या पिशवींत व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ होती. पूर्वीं दोनदां वाचलेली, म्हणून चाळण्याच्या हेतूनेंच उघडली. पण या खेपेस तिच्यांत आधीं न दिसलेलें एक सूत्र दिसलें. ही कादंबरी आरंभापासून अखेरपर्यंत वाट पाहण्याची कादंबरी आहे. आणि धीर म्हणजे काय, या प्रश्नाचें जें उत्तर तिच्यांतून निघतें तें सुभाषितांतील उपदेशाहून बरेंच निराळें आहे.

माडगूळकरांचा जन्म 1927 सालीं माडगुळें येथें झाला. हें गांव तेव्हां औंध संस्थानच्या आटपाडी महालांत होतें. आज तें सांगली जिल्ह्यांत मोडतें, तर संस्थानची राजधानी औंध सातारा जिल्ह्यांत आहे. 1949 सालीं ‘माणदेशी माणसें’ व 1955 सालीं ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली. या दोन्ही पुस्तकांमागें उभा असलेला मुलूख समजून घेतल्यावांचून त्यांतील माणसांचा स्वभाव कळणार नाहीं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या आडोशाला पूर्वेस पडलेल्या माणदेशाच्या वांट्यास त्याच्या एक दशांशाच्या आसपास आला तरी लोक समाधान मानतात. मृग कोरडा गेला तर हस्ताकडे डोळे लावावयाचे, आणि हस्तही रुसला तर पुढच्या वर्षाकडे. अशा मुलखांत वाट पाहणें हा सद्गुण म्हणून कोणी शिकवीत नाहीं. मूल तें चालण्याबरोबरच शिकतें.

या मुलखांत बाहेरून येतो तो राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर. बनगरवाडी ही धनगरांची लहानशी वस्ती. तेथें शाळा आहे, पण मुलें नाहींत. मुलें मेंढरांमागें रानांत जातात. तीं शाळेंत बसलीं तर मेंढरें कोणीं राखावीं, हा आईबापांचा सवाल बिनतोड आहे. एखाद्या ध्येयवादी कादंबरीकाराचा मास्तर या ठिकाणीं विद्येच्या महतीवर व्याख्यान देता. माडगूळकरांचा मास्तर म्हाताऱ्या कारभाऱ्याशेजारीं जाऊन बसतो, वाडीच्या बोलण्यांत आपलें बोलणें मिसळतो, लोकांच्या लहानसहान अडचणींत उपयोगी पडतो. हळूहळू कारभाऱ्याचें मन वळतें आणि मुलें येऊं लागतात. मेंढरांना घाई करून चारतां येत नाहीं हें धनगराला ठाऊकच असतें; मास्तराला तें वाडीकडून शिकावें लागतें. वाट पाहण्याचे दिवस त्यानें कामांनीं भरून काढले, म्हणूनच ते फुकट गेले नाहींत.

असा मिळविलेला विश्वास किती नाजूक असतो, हेंही लेखक लगेच दाखवितो. कारभाऱ्याची मुलगी अंजी हिची चोळी शिवून आणण्याचें साधें काम मास्तर करतो, आणि त्यावरून कारभाऱ्याच्या मनांत किल्मिष येतें. महिन्यांची कमाई एका चोळीपायीं जाऊं पाहते. येथें खुलासे करीत धांवण्यानें संशय वाढण्याचाच संभव; मन निवळण्यास त्याचा स्वतःचा काळ लागतो. ज्याला आपल्या माणसाचा अबोला सोसावा लागला आहे, त्याला या पानांचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु धीर म्हणजे स्वस्थ बसणें असा अर्थ कोणी करूं लागला, तर त्यानें शेकूच्या बायकोचा प्रसंग पुनः वाचावा. पेरणीची वेळ आली आहे आणि शेकूजवळ एकच बैल आहे; तेव्हां त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागीं आपला खांदा देते. लेखकानें येथें अश्रू ढाळले नाहींत, गौरवाचे शब्दही खर्चिले नाहींत. आणि म्हणूनच हा प्रसंग मनांतून हलत नाहीं. पाऊस येईपर्यंत थांबणें भाग असतें. तो आल्यावर बैल मिळेपर्यंत थांबलें तर वापसा निघून जातो आणि वर्ष बुडतें. केव्हां थांबावें व केव्हां थांबूं नये, हें त्या बाईला कोणा शास्त्र्यानें शिकविलेलें नाहीं.

पुढें मास्तराच्या कल्पनेनें वाडी आपल्या कष्टांनीं तालीम बांधते आणि राजेसाहेब तिच्या उद्घाटनास येतात. हें वाचतांना सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले व 1939 सालीं प्रजेच्या हातीं कारभार सोंपविणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि डोळ्यांपुढें उभे राहतात. कादंबरी येथेंच संपती, तर ‘धीराचें फळ गोड’ या निबंधास एक उत्तम उदाहरण लाभतें. पण कारभारी मरतो, पाऊस दडी मारतो, चारा संपतो, आणि एकेक बिऱ्हाड मेंढरें घेऊन परमुलखास निघून जातें. अखेर मास्तरही ओसाड वाडीकडे पाठ करून चालूं लागतो.

या शेवटामुळें कांहीं वाचक ही कादंबरी निराशावादी ठरवितात. आम्हांला तें मान्य नाहीं. माणसाची वाट पाहणें आणि पावसाची वाट पाहणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. माणसाच्या बाबतींत आपण थांबलों याचा समोरच्या मनावर परिणाम होतो. तेथें धीर हें एक साधन आहे. ढगाला आपल्या धीराची खबरही नसते. तेथें धीर म्हणजे केवळ सोसणें, आणि सोसण्यास अंत असतो. वाडी सोडणारे धनगर अधीर झाले, असें लेखक चुकूनही सुचवीत नाहीं. त्यांनीं शेवटच्या मेंढराबरोबर मरावें, असा धीर त्याला अभिप्रेत नाहीं.

तथापि एक उणीव नमूद केली पाहिजे. ही कथा मास्तराच्या तोंडून येते, आणि मास्तराचा पगार पावसावर अवलंबून नाहीं. त्यामुळें दुष्काळाचें चित्र कितीही खरें असलें तरी तें ज्याला निघून जातां येतें त्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. शाळा भरण्यास जेवढीं पानें मिळालीं त्यांच्या मानानें वाडी उठण्याचा भाग घाईनें उरकला आहे. शिवाय एकाच कृष्णेच्या प्रदेशांत एकानें पुरास भ्यावें व दुसऱ्यानें थेंबासाठीं डोळे लावावे, हें असेंच चालावयाचें काय, हा प्रश्न पुस्तकांत कोणी विचारीत नाहीं.

तो पुढें त्याच मुलखानें विचारला. 1990 नंतर वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानें आटपाडीस पाणी परिषदा भरूं लागल्या, आणि कृष्णेचें पाणी दुष्काळी तालुक्यांस मिळावें ही मागणी वर्षानुवर्षें लावून धरली गेली. कऱ्हाडजवळ टेंभू येथें उचललेलें पाणी टप्प्याटप्प्यानें पूर्वेकडे चढत आज आटपाडीच्या शिवारापर्यंत येतें. या लोकांनींही वाट पाहिली, पण ती मागणी करीत पाहिली. बनगरवाडीच्या मास्तरानें पहिल्या दिवसांत जें केलें त्याचेंच हें मोठें रूप, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. येथें वाट ढगाची नव्हती, माणसांची होती. म्हणूनच धीराला फळ येण्याचा संभव होता.

आमची गाडी दीड तासानें आली. तोंवर शेजारच्या म्हाताऱ्यानें आपल्या शेतांतील डाळिंबांची सारी हकीकत सांगून झाली होती, आणि तींत खेंकसण्यास आम्हांला जागाच सांपडली नाहीं. गाडीला इतका उशीर कां झाला, हें मात्र आम्हीं वाहकास विचारलेंच.