गाढवाला कुणी शिकवू नये

फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ याला अभिनयाचं वावडं होतं. १९४३ ते १९८३ या चाळीस वर्षांत त्यानं तेरा मोठे चित्रपट काढले, पण सुरुवातीचे काही सोडले तर धंदेवाईक नटाला दारात उभं केलं नाही. निवडलेल्या माणसांना तो ‘मॉडेल’ म्हणे आणि त्यांच्याकडून एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणवून घेई, अगदी त्यातला अभिनय निथळून जाईपर्यंत!

आता, पडद्यावर हुंदका आल्याशिवाय रुमाल न काढणाऱ्या माझ्यासारख्यानं करायचं काय?

उत्तर १९६६च्या ‘ओ आझार बाल्ताझार’मध्ये मिळालं. नायक चक्क गाढव, तेही मुद्दाम न शिकवलेलं. बिचारं या मालकाकडून त्या मालकाकडे जातं. एक पोरगा त्याच्या शेपटीला कागद बांधून पेटवतो, एक व्यापारी त्याला राबवून उपाशी ठेवतो. मधे सर्कशीत ते गणितंही सोडवतं. कॅमेरा नुसता त्याच्या डोळ्यांकडे बघतो. शेवटी गोळी लागलेलं ते गाढव मेंढरांच्या कळपात शांतपणे बसतं आणि मरतं. कुणीच रडत नाही. म्हणजे ते काम आपल्यालाच करावं लागतं!

तक्रार एकच. हीच शिस्त माणसांना लावली, की ती गाढवापेक्षा अबोल वाटतात. मारी त्या दुष्ट जेरारच्या मागं का जाते, ते तिचा चेहरा सांगत नाही. गाढवाला लपवायचं काहीच नसतं हो, माणसाला असतं.