बंद टपालकचेऱ्या आणि खेड्यांतील दुकाने : स्थानिक इतिहासाच्या एका शाखेचे परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थानिक इतिहासाचे जे विपुल लेखन झाले आहे, त्यात नामशेष झालेल्या ग्रामीण टपालकचेऱ्या आणि बहुधा त्यांच्याच छपराखाली चालणारी दुकाने यांना खास स्थान आहे. या लेखनाचे दोन साचे ठरून गेले आहेत. एक यादीचा : कचेरीचे नाव, स्थापनेची तारीख, पोस्टमास्तरांची नामावळी, बंद झाल्याची तारीख. दुसरा स्मरणाचा : दुकानातील शेगडी, तिच्याभोवती जमणारी मंडळी, उधारीवर माल देणारा दिलदार दुकानदार. दोहोंमागे चिकाटी आहे, जिव्हाळाही आहे. परंतु इतिहास म्हणून या लेखनाचे मोल किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो येथे विचारावयाचा आहे.

प्रथम या कचेऱ्या बंद का झाल्या, हे पाहू. १९०१ साली त्या देशात ७६,९४५ टपालकचेऱ्या होत्या. १९२० पर्यंत ही संख्या साडेबावन्न हजारांच्या आसपास आली. वीस वर्षांत इतकी खेडी ओस पडली, असा याचा अर्थ नव्हे. १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनियात शेतकऱ्यांच्या दारापर्यंत टपाल पोचविण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ मध्ये ती व्यवस्था कायम झाली. टपाल दारी येऊ लागल्यावर मैल दोन मैलांवरच्या लहान कचेरीचे प्रयोजन उरले नाही. म्हणजे कचेरी बंद होण्याची तारीख ही पुष्कळदा शेतकऱ्याची सोय वाढल्याची तारीख असते. नुकसान झाले ते दुकानदाराचे. पोस्टमास्तरकीचे वेतन तुटपुंजे असले तरी पत्र न्यावयास आलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने क्वचितच परतत असे. १९१३ पासून पार्सल-टपाल सुरू झाले आणि दूरच्या शहरातील माल परभारे घरी येऊ लागला. त्या योजनेला खेड्यांतील व्यापाऱ्यांनी कसून विरोध केला होता. स्मरणपर लेखनातील हळहळ ही कोणाची हळहळ आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरा मुद्दा नावाचा. आपण पत्रावर ‘मुक्काम’ आणि ‘पोस्ट’ अशी दोन पदे लिहीत आलो. कारण आपल्याकडे गाव आधी असते व टपाल मागाहून येते. अमेरिकेच्या विखुरलेल्या वस्त्यांत अनेक ठिकाणी याच्या उलट घडले. स्थळाला नाव मिळाले तेच मुळी कचेरी मागताना. अर्जदाराला नदी, लोहमार्ग आणि शेजारच्या कचेऱ्या यांपासूनची अंतरे कळवावी लागत. १८९४ नंतर तर नाव आटोपशीर, शक्यतो एकाच शब्दाचे असावे, असा खात्याचा आग्रह होता. अशा ठिकाणी कचेरी गेली की नाव नकाशावरून पुसले जाई, माणसे मात्र तेथेच नांदत राहात. ‘नाहीशी झालेली गावे’ म्हणून याद्या देणाऱ्यांनी नावाचा लोप आणि वस्तीचा लोप यांत पुष्कळदा गल्लत केली आहे.

दुकानांविषयीच्या लेखनात थॉमस डी. क्लार्क यांचा ‘पिल्स, पेटिकोट्स अँड प्लाउज’ (१९४४) हा ग्रंथ अग्रगण्य मानला जातो, आणि ते योग्यच आहे. यादवी युद्धानंतरच्या अर्धशतकातील दाक्षिणात्य दुकानांच्या खतावण्या त्यांनी हिंडून गोळा केल्या. एरवी त्या वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडल्या असत्या. ही सेवा मोठीच आहे. परंतु ग्रंथाची मांडणी, त्याच्या नावातच सूचित होते त्याप्रमाणे, विक्रीच्या मालाकडे वळलेली आहे. त्यामुळे वाचक गल्ल्यामागे उभा राहून गिऱ्हाइकाकडे पाहतो. गिऱ्हाइकाच्या जागी उभा राहून गल्ल्याकडे पाहण्याची संधी त्याला क्वचितच लाभते. उधारीची कठोरता क्लार्क लपवीत नाहीत, पण त्यांचा विनोदी, आत्मीय सूर तिची धार बोथट करतो.

ती धार किती तीक्ष्ण होती, हे रॅन्सम व सच या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखविले. पीक तारण ठेवून माल उचलणाऱ्या शेतकऱ्याला रोखीचा भाव निराळा व उधारीचा निराळा पडे. जॉर्जियातील भावांवरून त्यांनी काढलेला व्याजाचा वार्षिक दर साठ टक्क्यांच्या आसपास जातो. मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. जी वही संशोधकाला अमोल साधन वाटते, ती ऋणकोला बेडी वाटत होती. खतावणीचा साधन म्हणून उपयोग करताना ही जाणीव सुटता कामा नये.

टपालकचेरीही केवळ सोयीचे ठिकाण नव्हते. पोस्टमास्तरची नेमणूक बहुधा सत्तारूढ पक्षाच्या मर्जीने होई, आणि दक्षिणेत कृष्णवर्णीय मनुष्य त्या खुर्चीत बसला की ती कचेरी रणभूमी ठरे. साउथ कॅरोलिनातील लेक सिटी येथे १८९७ मध्ये नेमलेल्या फ्रेझियर बेकर यांच्या घराला, जे कचेरीही होते, २२ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री जमावाने आग लावली. बेकर आणि त्यांची तान्ही मुलगी मारली गेली. १८९९ च्या खटल्यात ज्यूरींचे एकमत झाले नाही व कोणासही शिक्षा झाली नाही. मिसिसिपीतील इंडियानोला येथे मिनी कॉक्स या पोस्टमास्तरीणबाईंना धमक्यांमुळे राजीनामा द्यावा लागला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो न स्वीकारता जानेवारी १९०३ मध्ये ती कचेरीच तहकूब केली. यादीच्या साच्यात या घटना उतरल्या तर एक नाव आणि दोन तारखा एवढ्याच उतरतील. लेक सिटीच्या टपालकचेरीला बेकर यांचे नाव देण्यात आले ते २०१९ साली.

याद्या टाकाऊ आहेत, असा याचा निष्कर्ष नाही. तारीख निश्चित केल्यावाचून पुढचे विवेचन होत नाही. परंतु यादी ही संशोधनाची पहिली पायरी होय. कचेरी कोणाच्या मागणीवरून उघडली, पोस्टमास्तर कोणाच्या शब्दाने नेमला गेला, दुकानाच्या वहीत कोणाची नावे आहेत व कोणत्या भावाने, हे प्रश्न तिच्यापुढचे आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथातील काही मते, विशेषतः फिरस्त्या जातींविषयीची, आज मान्य होणार नाहीत. तथापि गावात कोण कोणाचे देणे लागतो, हा प्रश्न त्यांनी मध्यभागी ठेवला. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तालुक्यातील टपालकचेरीचा किंवा वाण्याच्या दुकानाचा इतिहास हाती घेईल, तेव्हा त्याने क्लार्क यांची चिकाटी घ्यावी आणि प्रश्न आत्रे यांचा घ्यावा.