देवराई, श्रद्धा आणि जात

देवरायांवरचे मराठी लेखन वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. देवाच्या धाकाने कुऱ्हाड थांबली, रान वाचले. येथेच लेखकाची जिज्ञासा संपते. रान वाचले हे खरेच आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर १९७६ साली जो निबंध लिहिला, त्याचे मोल कोणी नाकारू नये. काही रायांत वाळलेले पान उचलायलाही बंदी होती. पण हा धाक ज्या गावगाड्याने राखला, त्यानेच गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणवठा बंद केला होता, याची नोंद हे लेखन क्वचितच घेते.

१९८३ साली गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी तर जातिव्यवस्थेचाच परिसरशास्त्रीय अर्थ लावला. फासेपारध्यांनी फासे लावून काळवीट धरावे, नंदीवाल्यांनी कुत्री घेऊन रानडुक्कर, घोरपड मारावी, वैदूंनी सापळ्यात मुंगूस पकडावे; प्रत्येकाचा वाटा वेगळा, म्हणून स्पर्धा कमी आणि निसर्ग शाबूत. रामचंद्र गुहांसोबतच्या १९९२ च्या ग्रंथात हाच विचार विस्ताराने आला. ही व्यवस्था विषम होती, हे लेखक मान्य करतात. मान्य करून पुढे जातात, हीच माझी तक्रार आहे. वाटे कोणी पाडले? वाटा नाकारणाऱ्याचे काय होई?

जात ही श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. तो निकष येथे लावून पाहा. या हिशेबात महाराचा वाटा कोणता? मेलेले ढोर. मग ढोर ओढणे, त्याचे मांस खाणे ही निसर्गाची काटकसर ठरेल. आणि मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा जो निर्धार झाला, तो निसर्गाचा तोल बिघडवणारा! माझ्या आजोबांनी ढोरे ओढणे सोडले तेव्हा गावाने बलुते बंद केले. त्या उपासाला परिसरशास्त्रात कोणता शब्द आहे, हे एखाद्या विद्वानाने सांगावे.

श्रद्धेने भूमी जपा, असा उपदेश आज सर्वच धर्मपीठांवरून होतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पत्रात निदान पृथ्वीची आणि गरिबाची दैना एकत्र मांडली आहे. आपल्याकडे भूमातेचे पालकत्व सांगणारे, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही तेच सांगतात. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन सत्याग्रहात उतरले, पडीक जमीन कसायला मागत तुरुंगात गेले. पर्यावरणाचा विषय आमच्या महाविद्यालयात सक्तीचा आहे. त्याच्या पुस्तकात देवराईवर प्रकरण आहे. या सत्याग्रहावर ओळही नाही.