पगडींची व्याकरणे

सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) मूळचे निलंग्याचे. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा तालुका उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये होता. शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, आणि गालिब-इक्बाल मराठीत आणले म्हणून आपल्या वाचकांना प्रिय. आम्हाला मात्र त्यांचे फारसे न वाचले गेलेले काम अधिक मोलाचे वाटते: गोंडी व कोलामी भाषांची व्याकरणे.

निजामी राजवटीत ते आदिलाबादेत अधिकारी होते. १९४० मध्ये कुमरम भीम मारला गेला आणि मगच सरकारला गोंडांची आठवण झाली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ मारलवाईला राहिले. तेथे १९४३ पासून गोंड शिक्षक तयार होऊ लागले. पुस्तके गोंडीत, लिपी देवनागरी. तेही दरबारी भाषा उर्दू असलेल्या राज्यात! मातृभाषेतून शिक्षण मागणाऱ्या आम्हा उर्दू शिक्षकांनी हे विसरू नये.

परक्या समाजात पगडी रुळले ते मनमिळाऊ स्वभावामुळे, असे सांगितले जाते. हे उत्तर आम्हाला पटत नाही. गोड बोलणारे अधिकारी तेव्हाही कमी नसतील. व्याकरण लिहायचे तर समोरच्याला उस्ताद मानावे लागते. कोलामीत एकवचनात पुरुष एकीकडे आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू दुसरीकडे. मराठीची तीन लिंगे किंवा उर्दूची दोन घेऊन गेलेला माणूस पहिल्याच वाक्याला अडखळतो. तेथे साहेबाची चूक कोलामानेच दुरुस्त करायची. हुद्दा बाजूला ठेवून असे शिकता येणे, ही खरी लायकी.

तरीही 'दोन संस्कृतींमधला सेतू' ही त्यांच्या नावावरची कोटी आता पुरे झाली. आदिलाबादच्या अनेक गोंडांना बाजारापुरती मराठी आधीच येत होती. आमच्या भूम-परंड्याचा ऊसतोड मजूरही कर्नाटकात गेला की कामापुरते कन्नड उचलतो. त्याला कोणी सेतू म्हणत नाही. पगडींनी हौसेने शिकले, हे गरजेने शिकतात. कौतुक मात्र पहिल्याच्याच वाट्याला येते.

आणखी एक तक्रार. ही व्याकरणे इंग्रजीत आहेत. भाषापंडितांची सोय झाली, पण यवतमाळच्या कोलाम पोडावर नेमणूक झालेल्या मराठी गुरुजींच्या हाती त्यातले काय लागले? गालिब मराठीत आणणाऱ्या लेखणीला हे अवघड नव्हते.