कटेवरचे हात, कडेवरचा बंका

देव स्त्री की पुरुष, असा प्रश्न जनाबाई विचारत बसत नाही. ती देवाला कामाला लावते. दळण-कांडण, झाडलोट, शेण वेचणं, पाणी भरणं, धुणं, डोक्यातल्या उवा काढून वेणी घालून देणं, ही सगळी कामं तिच्या अभंगांतला विठ्ठल करतो. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात, आणि जनाबाई त्यांच्याच घरची दासी. त्या काळच्या घरात ही कामं कोणाच्या वाट्याला होती, हे वेगळं सांगायला नको. विठ्ठलाचं नाव पुल्लिंगी राहतं, विटेवरची मूर्ती पुरुषाचीच राहते, आणि तरी जनीच्या घरात तो बाईमाणूस होऊन वावरतो. कधी ती त्याला सरळ विठाबाई म्हणते. माणसं देवाला लिंग का देतात, याचं मला पटलेलं उत्तर या अभंगांत आहे: ज्याला जी सोबत हवी असते, तो देवाला त्या सोबतीचं रूप देतो.

गडचांदूरच्या बाजूला हा विषय पुस्तकी वाटत नाही. मागे माणिकगडचा डोंगर, पुढे सिमेंटचे कारखाने, आणि मधल्या वस्तीत गोंड, कोलाम, तेलुगू बोलणारी घरं, मराठवाड्यातून येऊन जिवतीच्या पठारावर स्थिरावलेली कुटुंबं. जनाबाईचं गंगाखेड त्याच मराठवाड्यातलं, गोदावरीकाठचं. त्यामुळे आषाढी-कार्तिकीला इथल्या बायकांच्या भजनी मंडळात टाळ वाजू लागले की लेकुरवाळ्या विठूचा अभंग हमखास येतो. तो इतका ओळखीचा झाला आहे की त्यात जनीने काय केलंय ते कानावरून निघून जातं. म्हणून तो सावकाश वाचायला हवा.

पंढरपूरची मूर्ती डोळ्यांपुढे आणा. दोन्ही हात कटेवर, पाय विटेवर जुळलेले. उभं राहण्याची ही पद्धत थांबलेल्या माणसाची आहे. आता जनीचं चित्र पाहा. तिथे निवृत्ती खांद्यावर बसला आहे, सोपानाचा हात धरलेला आहे, ज्ञानदेव पुढे चालतो आहे, मुक्ताई मागून येते आहे, गोरोबा मांडीवर, बंका कडेवर, चोखा जिवाइतका जवळ आणि नामा करंगळी धरून. म्हणजे ज्या कमरेवर मूर्तीने हात ठेवले होते, तिथे आता बंका बसला आहे, आणि मोकळे झालेले हात मुलांनी वाटून घेतले आहेत. जनीने मूर्तीचे हात खाली घेतले! हे मला या अभंगातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं. तिने देवाला साडी नेसवलेली नाही, त्याच्या अंगावर बाईची एकही खूण घातलेली नाही. फक्त मूल कडेवर दिलं. हात चुलीशी, विहिरीशी मोकळे ठेवून मूल वागवायची ही बायकांची रीत आहे. तेवढ्या एका जागेने सगळा देव बदलला.

या चित्रात चालणं आणि मांडी एकाच वेळी आहे. चालणाऱ्याला मांडी नसते. चित्रकाराची इथे अडचण होईल, पण ज्या घरात पाच-सहा मुलं आहेत तिथल्या आईला ही अडचण कळणारच नाही. एकाला मांडीवर थोपटायचं, दुसऱ्याला धरून न्यायचं, तिसरा पुढे पळतोय त्याच्यावर नजर, चौथी मागे राहिली का ते वळून पाहायचं. हे सगळं तिच्या दिवसात एकत्रच चाललेलं असतं. अभंग त्या दिवसासारखा गजबजलेला आहे.

कोणाला कुठे बसवलंय, तेही पाहण्यासारखं आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चौघं आईवडिलांना लहानपणीच अंतरलेली भावंडं. जनाबाईही पोरवयातच घर सोडून पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली. पोरकेपण तिला नुसतं ऐकून माहीत नव्हतं. गोरोबा तर या मेळ्यातला वडीलधारा, सगळ्यांचा काका, आणि तोच मांडीवर आहे. माती तुडवताना भजनाच्या नादात स्वतःचं मूल पायाखाली गेलं, ही त्याची कथा श्रोत्याला माहीत असते. ज्याच्या हातून मूल गेलं त्याच बापाला जनी लेकरू करून आईच्या मांडीवर देते. त्याला याहून मोठी क्षमा कोणती देणार? आणि चोखा, बंका हे महार. मंदिराची पायरी चढायची त्यांना बंदी होती. ज्याचा स्पर्श चालत नव्हता, तो इथे देवाच्या अंगाला सर्वांत घट्ट बिलगलेला आहे. देवाला पिता ठेवलं असतं तर पिता दुरूनही पोसू शकतो, आज्ञा करू शकतो. कडेवर घेणाऱ्याला अंगाशी धरावंच लागतं. देवाला आई का व्हावं लागलं, त्याचं कारण मला या एका बंक्यात दिसतं.

संतांच्या आख्यायिकाही याच वाटेने जातात. कऱ्हाडची सखू पंढरीला गेली तेव्हा विठ्ठल सखू होऊन तिच्या सासरी राबला. चोखोबांची बायको सोयराबाई बाळंतपणाला आली, ते घरी नव्हते, तेव्हा देव नणंद होऊन आला आणि त्याने तिचं बाळंतपण केलं. सून, नणंद, सुईण! एरवी देव राजा होतो, वीर होतो. इथे तो घरातल्या सर्वांत दमलेल्या माणसाची जागा घेतो. अनेक संतांनी विठ्ठलाला माउली म्हटलंय, वारीत तर पुरुष पुरुषाला माउली म्हणूनच हाक मारतो. इंग्लंडातल्या नॉर्विचच्या ज्युलियननेही १३७३ साली झालेल्या दर्शनांबद्दल लिहिताना येशूला आई म्हटलं आहे. पण देवाच्या हातात खुंटा देऊन त्याला दळायला बसवणारी जनाबाईच.

आता गडचांदूरच्या डोंगरापलीकडे पाहू. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि १९५९ मध्ये तो चंद्रपूरला जोडला गेला. राज्याची सीमा नंतर आली, देव आधीपासून सामाईक होते. त्या सीमेवर जंगुबाईचं ठाणं आहे. पुसाच्या महिन्यात तिथे महाराष्ट्र आणि तेलंगणातले गोंड, परधान, कोलाम जमतात. अनेक जण तिला जंगो रायताड म्हणूनच ओळखतात. कथेची रूपं निरनिराळी असली तरी गाभा असा: गोंडांच्या मूळ लेकरांचा सांभाळ तिने केला, पुढे ती लेकरं कचारगडच्या गुहेत कोंडली गेली आणि गोंडांचा धर्मगुरू लिंगो याने त्यांना सोडवलं. जंगो त्यांची जन्मदात्री नाही. सांभाळलं म्हणून ती माता. गोंडांच्या पेनठाण्यात, म्हणजे देवस्थानात, बहुतेकदा माणसासारखी मूर्ती नसते, दगड असतो, लाकूड असतं, लोखंड असतं. त्यावर मिशा नाहीत, स्तन नाहीत. तरी ही आई आणि हा बाप हे लहान पोरालाही ठाऊक असतं, कारण कोणी कोणासाठी काय केलं ती गोष्ट त्याने ऐकलेली असते. जनाबाई आणि जंगुबाईचे परधान गायक एकमेकांना कधी भेटले नाहीत. तरी आईपण राबण्यातून येतं, हे दोन्हीकडे सारखंच सांगितलंय.

चंद्रपूरला गोंड राणी हिराईने बांधलेल्या महाकालीच्या मंदिरात चैत्रात यात्रा भरते, मराठवाड्यातून माणसं लोटतात. त्यात पोतराज असतात: केस वाढवलेले, कपाळी मळवट, कमरेला बायकांच्या खणांचा घेर. तिथे देवी बाई आहे आणि पुरुष भक्त तिच्यासाठी बाईचा वेष घेतो. देव आणि भक्त यांच्यात लिंग असं मागेपुढे सरकत राहतं.

पण देवाला आई म्हटल्याने आयांना काही मिळालं का, हेही विचारलं पाहिजे. मला वाटतं, फार उशिरा आणि फार थोडं मिळालं. ज्या विठाबाईला जनीने जात्यावर बसवलं, तिच्या पूजेचा वंशपरंपरागत हक्क शतकानुशतकं पुरुषांकडे राहिला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे ते अधिकार संपले, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी म्हणून स्त्रियांचेही अर्ज मागवले.

लेकुरवाळ्या विठूच्या मेळ्यात जनीने स्वतःसाठी जागा ठेवलेली नाही. शेवटी ती बाजूला उभी राहून देवाला भक्तांचा सोहळा कर म्हणते. खांदा, मांडी, कड, करंगळी सगळं इतरांना दिलं. तिची स्वतःची जागा तिच्या कष्टाच्या अभंगांत आहे, जात्यापाशी, शेणाच्या पाटीपाशी. हे अभंग लेकुरवाळ्या विठूइतके गायले जात नाहीत. गडचांदूर, कोरपना, जिवतीच्या भजनी मंडळांना आणि शाळांमधल्या मराठीच्या शिक्षकांना म्हणून माझी विनंती आहे: लेकुरवाळा म्हणून झाला की लगेच जनीचा दळणाचा एक अभंग घ्या, आणि दोन्ही मिळून मुलांना ऐकवा.