रेणू कळला, पुढे काय? : सिकलसेलच्या निमित्ताने

आधी प्रयोगशाळेत रेणू कळतो, मग औषध सापडते, मग रोगी बरा होतो. मराठीतल्या विज्ञानविषयक लेखनात हे चित्र इतक्यांदा येते की ते आपण कधी तपासत नाही. तपासायचे ठरवले तर आम्हा वऱ्हाडकरांना लांब जावे लागत नाही. विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या काही समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातल्या या दोषाची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये केली. रेणूच्या पातळीवर सर्वांत आधी उलगडलेला आजारही हाच. त्या सरळ रेषेच्या बाजूने याहून सोयीचा दाखला मिळणे अवघड.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. 'रेणवीय आजार' हा शब्द तिथून रूढ झाला. १९५६-५७मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दोष नेमका पकडला : एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, बस्स. परंतु हायड्रॉक्सियुरिया या औषधाला अमेरिकेत सिकलसेलसाठी मान्यता मिळाली ती १९९८ साली. उशीर झाला, एवढाच माझा आक्षेप नाही. ते औषध त्या रेणूपासून निघालेच नाही, हा मुद्दा आहे.

हायड्रॉक्सियुरिया एकोणिसाव्या शतकात तयार झालेले, पुढे रक्ताच्या कर्करोगात वापरात आलेले. सिकलसेलशी त्याचे नाते जुळले ते एका निरीक्षणामुळे. पॉलिंगच्या एक वर्ष आधी, १९४८ साली, बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी नोंदवले होते की नवजात बाळांच्या पेशी फारशा विळ्यासारख्या होत नाहीत. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन त्यांना सांभाळत असावे. हे हिमोग्लोबिन वाढवते म्हणून हायड्रॉक्सियुरिया उपयोगी. २०२३ साली मान्यता मिळालेली जनुक-संपादनाची गाजलेली उपचारपद्धतीसुद्धा मूळ दोष दुरुस्त करत नाही. गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनवरचा लगाम सैल करते. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर. उलट १९८६च्या चाचणीत लहान मुलांचे जीव वाचवणारे ठरले ते साधे पेनिसिलिन.

यावर कुणी म्हणेल, पण रुग्ण ओळखला जातो तो पॉलिंगच्याच वाटेने ना? मान्य. इलेक्ट्रोफोरेसिसशिवाय रुग्ण कोण आणि वाहक कोण हे खात्रीने सांगता आले नसते. रेणूने आपल्याला ओळख दिली. मात्र ओळखीचे करायचे काय, हे रेणू सांगत नाही. १९६८ साली याच पॉलिंग यांनी सुचवले की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडणार नाहीत. त्यांचे जीवशास्त्र चुकले नव्हते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक, हे खरेच आहे. परंतु वाहक सहसा निरोगी असतो. मलेरियापासून त्याला संरक्षण मिळते, हे अॅलिसन यांनी १९५४मध्येच दाखवले. 'असे आहे' यातून 'असे करा' निघाले ते जीवशास्त्रातून नव्हे, माणसाकडे पाहण्याच्या नजरेतून.

म्हणून १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतला 'निर्मूलन' हा शब्द मला खटकतो. ७ कोटी लोकांची तपासणी हे मोठे आणि गरजेचे काम आहे. पण देवीचे निर्मूलन झाले, कारण तिथे शत्रू विषाणू होता. इथे जनुक माणसातच राहते. जातीचा शिक्का आधीच वाहणाऱ्या घरातल्या मुलीच्या हाती तपासणीचे कार्ड पडते, तेव्हा ते तिच्यासाठी माहिती असते, की लग्न जुळवणाऱ्यांसाठी कपाळावरची खूण? माहिती तिची आणि निर्णयही तिचाच, ही हमी नसेल तर पॉलिंगची सूचना आपण फक्त कागदावर उतरवली, असे म्हणावे लागेल.

दुसरा मार्ग आहे, आणि तो जवळच आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांच्या गटाने मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम अशी कमी, ठरावीक मात्रा देऊन पाहिली. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज घटली. मात्रा वाढवत नेली की रक्ततपासण्याही वाढतात. खेड्यातल्या घराला ते परवडत नाही. हे काम तयार ज्ञानाचे नुसते उपयोजन नव्हे. तो नवा प्रश्न होता, आणि उत्तरही नवे.

वरूडच्या संत्राबागाइतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. डिंक्या कोणत्या बुरशीने होतो हे कळल्याने झाड वाचत नाही. खुंट कोणता, पाणी बुंध्याशी साचते का, हेही पाहावे लागते. तसेच इथेही. गोळ्या तालुक्याला मिळतात का, रक्ताची तपासणी वेळेवर होते का, मे महिन्यात बागेत राबणाऱ्या रुग्णाला पुरेसे पाणी आणि सावली आहे का? वैद्यकाच्या तत्त्वज्ञानाने या प्रश्नांना तळटीप समजू नये. ज्ञान खरे उतरले की नाही, ते इथेच ठरते.